आधी शॉर्ट्स की आधी सीट?

प्रश्न : आठवड्यातून तीन-चारदा सकाळी पाऊण तास सायकल मारतो, स्टॅमिना वाढवायचा म्हणून. पण वीस मिनिटांतच बूड दुखायला लागतं आणि शेवटी शेवटी करंगळी बधिर होते. सीटवर जेलचं कव्हर चढवलं तर त्रास उलट वाढला. मित्र म्हणतो पॅडवाली शॉर्ट्स आणि जर्सी घे. पाऊण तासासाठी एवढा खर्च करावा का?

उत्तर : जर्सी राहू द्या, शॉर्ट्सचं नंतर बघू, आधी पाना हातात घ्या. आणि ते कव्हर काढून टाका. बसताना भार बुडाच्या दोन हाडांवर यायला हवा, कव्हर फार मऊ असलं की हाडं आत रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो, वर ते सारखं सरकतं तो ताप वेगळाच.

आता उंची. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकतो, तेवढंच हवं. बऱ्याच जणांची सीट खालीच असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय टेकायची सवय, पण मग पाय नीट जोर लावत नाहीत, सगळं वजन सीटवर पडतं आणि गुडघा पुढून दुखतो. फार वर घेतली तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि मांड्या घासून सालपटं निघतात. डुलतेय का हे स्वतःला कळत नाही, मागून येणाऱ्याला बघायला सांगा. बदल तीन-चार मिलिमीटरच करा, दोन राईड मारा, मग पुढचा.

करंगळीचं कारणही बहुतेक इथेच आहे. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं, हातांवर वजन येतं आणि तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूची नस हँडलवर दाबली जाते. सीट सपाट करा. हँडल लांब पडत असेल तर सीट पुढे ओढू नका हं, त्याने गुडघ्याचं गणित बिघडतं, त्यापेक्षा हँडलचा स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, आखूड बसवून घ्या. कोपर सैल, मनगट सरळ, आणि अधूनमधून पकड बदला.

एवढं करूनही बूड दुखलंच तर शॉर्ट्स घ्या. पॅड जाड म्हणजे चांगलं असं काही नसतं, अंगाला चापून बसणारी बघा. आणि आत अंडरवेअर घालायची नाही, लोक लाजून घालतात आणि मग शिवण टोचते म्हणून कंपनीला शिव्या देतात. प्रत्येक वेळी धुवायची, नाहीतर पुळ्या येतात. वर साधा टीशर्ट पुरतो, फक्त थंडीत कॉटन नको, घामाने ओला झाला की उतारावर हुडहुडी भरते.

प्रश्न : टायरवर लिहिलंय तेवढी हवा भरते, तरी हात हादरून जातात. असं का?

उत्तर : तरी नाही, म्हणूनच! तो मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो. पाच-पाच पीएसआय कमी करत बघा, किमान आकडा दिला असेल तर त्याखाली मात्र जाऊ नका. मागच्या चाकात थोडी जास्त ठेवा, वजन तिथे जास्त असतं. खड्ड्यात रिम आपटल्याचा खट्ट आवाज आला तर हवा फारच कमी झालीय.