वाचकांचे प्रश्न : डेटा सेंटरमधील दाट फायबर केबलची निवड

प्रश्न : महापे येथील आमच्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये चाळीस रॅक आहेत. सध्या सर्व स्विच १० जीवर (सेकंदाला १० गिगाबिट) आणि ओएम३ मल्टिमोड (जाड गाभ्याच्या) फायबर केबलवर चालतात. पुढील वर्षी १०० जी आणि त्यानंतर ४०० जी करण्याचा विचार आहे. एका पुरवठादाराने रॅकच्या एका यू उंचीत १४४ फायबर बसणारे पॅनेल आणि ओएम४ची (ओएम३च्या पुढची मल्टिमोड जात) एमपीओ ट्रंक, म्हणजे एकेका कनेक्टरमध्ये अनेक फायबर असलेली मुख्य केबल, सुचवली आहे. दुसरा सरळ सिंगल मोड (बारीक गाभ्याचे फायबर) घ्या म्हणतो. केबलच्या ट्रेमधून मोजलेले सर्वांत लांबचे अंतर ८५ मीटर आहे. काय घ्यावे?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आपण अंतर ट्रेमधून मोजले आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. बहुतेक जण नकाशावर पट्टी ठेवून अंतर सांगतात आणि केबल वर चढते, वळते, खाली उतरते त्यात पंधरा-वीस मीटर वाढले की अडचणीत येतात.

आधी ओएम४चा हिशेब पाहू. फायबरच्या चार जोड्यांवर चालणाऱ्या १०० जी एसआर४ या मल्टिमोड प्रकाराला ओएम३वर ७० मीटर आणि ओएम४वर १०० मीटर मिळतात, म्हणजे आपले ८५ मीटर ओएम४मध्ये बसतात. परंतु अंतर बसले म्हणजे लिंक बसली, असे होत नाही. या लिंकला एकूण १.९ डीबी (डेसिबल) लॉस, म्हणजे वाटेत होणारी प्रकाशाची घट, चालतो आणि त्यातले कनेक्टरांच्या वाट्याला १.५ डीबीच येतात. एमपीओच्या एका जोडणीला मानकानुसार ०.७५ डीबीपर्यंत मुभा आहे. दोन टोकांना एकेक पॅनेल असेल तर दोन जोडण्यांतच १.५ डीबी संपतात; मध्ये क्रॉस-कनेक्ट (पॅनेलची आणखी एक जोडी) घातला की जोडण्या चार होतात आणि आकडा ३ डीबीवर जातो. ०.३५ डीबीचे लो-लॉस कनेक्टर घेतले तर चार जोडण्यांचे १.४ डीबी होतात आणि काम जेमतेम निभावते. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न ‘एका यूमध्ये किती फायबर’ हा न विचारता ‘एका जोडणीचा कमाल लॉस किती आणि तो चाचणी अहवालात लिहून देणार का’ हा विचारावा.

माझे मत सांगतो. रॅक ते रॅक जाणारी, ट्रेमध्ये कायमची पडून राहणारी ट्रंक ओएस२ जातीची सिंगल मोडच घ्यावी. सिंगल मोड महाग, हा समज केबलपुरता खरा नाही; मीटरमागे ती बहुधा ओएम४पेक्षा स्वस्तच पडते. महाग असतात ते तिच्या टोकांचे ट्रान्सिव्हर (विजेचा संकेत प्रकाशात आणि प्रकाशाचा विजेत बदलणारे भाग), आणि ते तर प्रत्येक पिढीला बदलावेच लागतात. ट्रेमधली केबल मात्र एकदा टाकली की दहा-पंधरा वर्षे कोणी हलवत नाही, कारण चालू रॅकच्या डोक्यावरून ती ओढून काढण्याची कोणाची छाती होत नाही. ४०० जी डीआर४ हा ट्रान्सिव्हरचा प्रकार सिंगल मोडच्या आठ फायबरवर ५०० मीटर जातो आणि त्याला ३ डीबी लॉस चालतो. शिवाय स्पाइन स्विचचे (सर्व रॅकना जोडणाऱ्या मुख्य स्विचचे) असे एक पोर्ट फोडून चार रॅकना प्रत्येकी १०० जी देता येते. आपले दोन्ही टप्पे अशा प्रकारे एकाच ट्रंकवर होतात. लो-लॉस कनेक्टर इथेही सोडू नयेत, कारण ०.७५च्या चार जोडण्यांत हे ३ डीबीही पुरते संपतात.

जुनी ओएम३ काढण्याची घाई करू नये. १० जीला तिच्यावर ३०० मीटर मिळतात. ते स्विच निवृत्त होईपर्यंत ती सुखाने चालू द्यावी आणि नवी ट्रंक शेजारी टाकावी. एकाच रॅकमधल्या दोन-तीन मीटरच्या जोडणीला तर फायबरही नको, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवूनच येणारी तांब्याची डॅक केबल पुरते.

ट्रंक आठच्या पटीतली घ्यावी. डीआर४सारखे ट्रान्सिव्हर बारापैकी आठच फायबर वापरतात. बाराच्या ट्रंकवर ते थेट लावले तर प्रत्येक जोडणीत चार फायबर अंधारात राहतात, म्हणजे एक तृतीयांश पैसा वाया जातो. चोवीस फायबरची ट्रंक घेऊन टोकाला आठ-आठच्या तीन वाटा केल्या तरीही चालते, मात्र ती फोड करणारे मॉड्यूल लॉसच्या हिशेबात धरावे.

आता पोलॅरिटी (कोणते फायबर समोरच्या कोणत्या फायबरला भेटते ते) आणि कनेक्टर नेमके जुळवणाऱ्या पिना. ऑर्डरमधल्या या दोन ओळींकडे दुर्लक्ष झाले की काम पंधरा दिवस अडते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्याच एका ठिकाणी मी हे पाहिले आहे. ट्रंक टाइप ए (फायबरांचा क्रम सरळ) आली होती, पॅच कॉर्ड (पॅनेल ते स्विच जाणाऱ्या छोट्या केबल) टाइप बी (क्रम उलटा) धरून मागवल्या होत्या, सर्व लेबले नीट होती, आणि तरीही एकाही पोर्टचा दिवा लागेना, कारण पाठवणारे फायबर समोरच्या पाठवणाऱ्यालाच भेटत होते. आपल्यासारख्या समांतर जोडणीला ट्रंक आणि कॉर्ड दोन्ही टाइप बी ठेवणे सर्वांत सरळ. पिना ट्रान्सिव्हरच्या आत असतात, म्हणून कॉर्डची दोन्ही टोके बिनपिनांची आणि पॅनेलमागच्या ट्रंकची टोके पिनांची मागवावीत. बिनपिनांची दोन टोके अडॅप्टरमध्ये आरामात बसतात, खटका ऐकू येतो, पण फायबर समोरासमोर येतीलच याची शाश्वती नसते; पिनांची दोन टोके दाबून बसवली तर पिना समोरच्या फेरुलवर (कनेक्टरच्या पुढच्या टोकावर) आदळून दोन्हींचे नुकसान होते. सिंगल मोड एमपीओचे तोंड आठ अंशांत तिरके घासलेले असते आणि त्याचे आवरण बहुधा हिरवे असते. त्याला सपाट तोंडाचा कनेक्टर कधीही जोडू नये.

१४४ फायबरच्या पॅनेलबद्दल शेवटी लिहितो, कारण ते शेवटीच ठरवायचे आहे. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, जेमतेम तीन बोटांची उंची. तेवढ्यात ७२ डुप्लेक्स एलसी (दोन-दोन फायबरचे छोटे कनेक्टर) बसतात हे खरे, परंतु त्यातली मधली कॉर्ड काढताना शेजारच्या कॉर्डची कळ दाबली गेली तर चालू लिंक तुटते. पुरवठादाराकडून एक भरलेले पॅनेल मागवावे आणि रात्रपाळीला जो मुलगा प्रत्यक्ष काम करतो त्याच्याकडून मधली कॉर्ड काढून पाहावी. मागे ओढायची पट्टी असलेल्या कॉर्ड घेतल्या आणि बाजूला रुंद केबल मॅनेजर दिला, तर एवढी दाटी झेपते. चाळीस रॅकमध्ये जागेची टंचाई नसेल तर ९६वर थांबण्यात काहीही कमीपणा नाही. ट्रे सुरुवातीला अर्ध्याहून कमी भरावा, आणि फ्लोअरखालून थंड हवा येत असेल तर तिच्या वाटेत केबलचे जुडगे पडू देऊ नयेत.

प्रश्न : मी डेटा सेंटरमध्ये तंत्रज्ञ आहे. नव्या, सीलबंद पिशवीतल्या पॅच कॉर्ड लावूनही काही लिंक वारंवार खाली-वर होतात. वरिष्ठ म्हणतात, कॉर्ड नवी आहे, साफ करण्याची गरज नाही.
– एक वाचक, भांडुप

उत्तर : वरिष्ठांचा मान राखूनही सांगतो, हे बरोबर नाही. धूळ बहुतेक वेळा कनेक्टरच्या टोपणाच्या आतच असते. टोपण तोंडाला ओरखडे पडू नयेत म्हणून असते, त्यामुळे तोंड स्वच्छ राहील असे नाही.

एकदा मायक्रोस्कोपखाली नव्या कॉर्डचे तोंड पाहा. मधोमध १२५ मायक्रॉनची करडी चकती दिसते आणि तिच्या केंद्रात सिंगल मोडचा सुमारे ९ मायक्रॉनचा ठिपका असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज यावा. बोट चुकून लागले असेल तर त्या चकतीवर तेलाचे ओघळ चक्क ढगासारखे पसरलेले दिसतात. एखादा कण त्या ठिपक्यावर बसला तर उजेड अडतोच, शिवाय जोडताना तो दोन तोंडांमध्ये चिरडून काचेला कायमचा खड्डा पाडतो.

म्हणून क्रम पक्का ठेवावा : पाहावे, साफ करावे, पुन्हा पाहावे आणि मगच जोडावे. साफ करण्यास खटका दाबला की कोरडी फीत फिरते तो क्लीनर पुरेसा आहे. एलसी आणि एमपीओचे क्लीनर वेगळे असतात. डाग निघाला नाही तरच शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून लगेच कोरड्याने पुसावे. मुंबईच्या पावसाळी हवेत अल्कोहोलची बाटली उघडी राहिली तर ते पाणी शोषते आणि तोंडावर डाग सोडते, म्हणून बाटली लहान घ्यावी. रुमाल, शर्टाची बाही आणि तोंडाची फुंकर कटाक्षाने टाळावी. पॅनेलच्या आतली बाजूही साफ करावी, नाहीतर स्वच्छ कॉर्ड तिथलीच घाण घेऊन येते. लिंक चालू असताना टोकात डोळ्याने पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

प्रश्न : पिवळी केबल म्हणजे सिंगल मोड, हे नेहमी खरे असते का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : प्रथा तशी आहे : ओएस२ पिवळी, ओएम३ फिकट निळसर हिरवी, ओएम४ तीच किंवा जांभळी, ओएम५ पोपटी. परंतु रंग मागणीप्रमाणे कोणताही मिळतो, आणि ओएम३ व ओएम४ एकाच रंगात आली तर डोळ्याला फरक कळत नाही. केबलच्या अंगावर दर मीटरला छापलेली ओळ वाचावी आणि तीच नोंदवहीत उतरवावी.