मुलींचा फुटबॉल संघ लीगमध्ये यंदाच उतरवावा का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालमीच्या नावानं मुलींचा फुटबॉल संघ काढायचाय, सरावाला आठ-नऊ जणी येतात. लीगला यंदाच नाव द्यायचं की दोन वर्षं नुसत्या स्पर्धा खेळायच्या, आणि या लीगमधून पुढं वाट कुठं जाते, असं तुम्ही विचारलंय. मी आधी गोलकीपर म्हणून आणि मग मुलींची प्रशिक्षक म्हणून पंधरा वर्षं कोल्हापूरच्या याच मैदानांवर काढलीत. त्यावरून सांगते: यंदाच नाव द्या, फक्त नोंदणीची तारीख संपायच्या आत सोळा मुली जमवा.

सोळा का, ते ऐका. नियमाप्रमाणे सातपेक्षा कमी खेळाडू असले तर सामना सुरूच होत नाही. त्यामुळं बऱ्याच जणांना वाटतं, दहा-बारा असल्या की भागलं. पण कागदावरच्या चौदा मुलींतली एक सीईटीच्या क्लासला असते, एकीच्या घरी लग्न असतं, एकीचा घोटा सुजलेला असतो आणि एकीला ऐन वेळी घरातून सोडत नाहीत. आमच्या दुसऱ्या वर्षी आम्ही नऊच जणी मैदानात उतरलो. हाफटाइमपर्यंत शून्य-शून्य होतं, शेवटच्या वीस मिनिटांत सहा गोल खाल्ले. हरल्याचं कुणाला फार वाटलं नाही, पण दोघींच्या पायांत गोळे आले, एक तर मैदानातच बसली. पुढच्या रविवारी सहाच आल्या आणि आम्ही वॉकओव्हर दिला.

त्या वॉकओव्हरचं मला अजून वाईट वाटतं. समोरचा संघ गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीनं आलेला. त्यांतल्या कितीतरी मुलींनी घरी विनवण्या करून परवानगी काढली असणार. किट घालून उभ्या राहिल्या, रेफ्रीनं घड्याळ बघितलं, सह्या झाल्या आणि पोरी तशाच परत गेल्या. न खेळता घरी आलेल्या मुलीला आई पुढच्या वेळी विचारतेच, ‘कशाला जातीस मग?’ खालच्या लीगमध्ये पाच-सहाच संघ असतात. त्यातले दोन असे गळाले की उरलेल्यांना सामनेच राहत नाहीत. म्हणून तळाच्या संघानं दर आठवड्याला पूर्ण अकरा घेऊन येणं हे मला विजेतेपदाइतकंच मोठं काम वाटतं.

नुसत्या स्पर्धांच्या मी विरोधात आहे. त्या बाद पद्धतीच्या असतात, त्यात नवा संघ पहिल्याच दिवशी हरतो आणि वर्षभराची तयारी एका सकाळीत संपते. लीगच्या साखळीत हरलात तरी पुढचा रविवार असतो. कच्च्या संघाला सामन्यांचीच सगळ्यात जास्त गरज असते.

आता मुली कुठून आणायच्या? शाळांत जा. कबड्डी, हॉकी, अ‍ॅथलेटिक्सच्या मुलींना विचारा, पळणारी मुलगी वर्षभरात चेंडू शिकते. तुमच्या पेठेतल्या खेळाडूंच्या बहिणींना विचारा, त्या लहानपणापासून शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून सामने बघत आल्यात, ऑफसाइड त्यांना शिकवावा लागत नाही. बाहेरून तयार खेळाडू आणायच्या मोहात मात्र पडू नका. माझ्या ओळखीच्या एका क्लबनं एका हंगामासाठी सहा जणी बाहेरून आणल्या, चषक जिंकला. त्यांच्या स्वतःच्या मुली सगळा हंगाम बाकावर बसल्या. पुढच्या वर्षी पाहुण्या आल्या नाहीत, आणि बाकावरच्याही गेल्या. त्यातली एक मला रंकाळ्यावर भेटली तेव्हा म्हणाली, ‘ताई, मी आता खेळत नाही, कॉलेज बघतो.’ तिच्या डाव्या पायाचा क्रॉस मी विसरलेले नाही.

तालमीबद्दल थोडं स्पष्ट बोलते. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही आपल्या संघांची नावं फुटबॉलची होण्याआधी तालमीची आहेत. मुलग्यांच्या संघाला पेठ, जागा, जुने खेळाडू, वर्गणी हे सगळं आयतं मिळतं. मुलीला त्याच तालमीत कपडे बदलायला जागा नसते. म्हणून किटसाठी प्रायोजक शोधायच्या आधी आतून कडी लागणारी एक खोली आणि स्वच्छ संडास एवढं मंडळाकडून मिळवा. पाळीच्या दिवसांत मुली सरावाला का येत नाहीत, याचं निम्मं उत्तर तिथंच आहे. दुसरं, मैदानाच्या वेळा. आठवड्यातले दोन दिवस, उजेड असतानाचा तास, मुलींचा म्हणून मंडळाच्या बैठकीत ठरवून वहीत लिहून घ्या. नुसत्या तोंडी शब्दावर राहिलात तर मुलग्यांचा मोठा सामना जवळ आला की पहिला तुमचाच सराव रद्द होतो.

कागदांचं काम सोपं आहे, पण उशीर करू नका. जन्मदाखला, आधार, फोटो आणि भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी. एखादी मुलगी आधी दुसऱ्या क्लबकडून नोंदलेली असेल तर ते आताच विचारून घ्या, सामन्याच्या दिवशी कळलं तर उपयोग नाही.

पुढची वाट आहे आणि ती खरी आहे. जिल्ह्याच्या वर वायफाची, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेची, राज्य पातळी, तिथून इंडियन विमेन्स लीगचा दुसरा स्तर, मग मुख्य लीग. २०१९ मध्ये लुधियानात झालेल्या त्या मुख्य लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी हा आपला संघ खेळला होता. सराव बुडवणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. इंग्लंडमध्ये १९२१ पासून जवळपास पन्नास वर्षं तिथल्या फुटबॉल संघटनेच्या मैदानांवर बायकांच्या फुटबॉलला बंदीच होती. आज तिथं पाचव्या स्तरावर आठ प्रादेशिक लीग आहेत. गावोगावचे छोटे क्लब त्यात खेळतात, आणि जिंकले तर वर चढतात. आपल्याकडं अशी पायरी-पायरीची सोय अजून घट्ट व्हायची आहे, आणि त्यासाठी खाली संघ लागतात. तुमचा त्यातला एक व्हावा असं मला मनापासून वाटतं.

दहावी-बारावीच्या मुलींचं वेळापत्रक आधीच विचारून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या येणार नाहीत असं धरूनच चला आणि त्यांच्या जागी आठवी-नववीच्या चौघी आत्तापासून तयार करा. परीक्षा झाल्यावर त्यांच्या घरी स्वतः जाऊन त्यांना परत बोलवा. निरोप पाठवून भागत नाही, बापाशी बोलावं लागतं.

आणि गोलकीपर आधी शोधा. सगळ्यांच्या जागा ठरल्यावर उरलेल्या मुलीला पोस्टमध्ये उभं करतात, तसं करू नका. जी चेंडू अंगावर आला तरी डोळे मिटत नाही, ती निवडा आणि तिला पहिल्या दिवसापासून वेगळा सराव द्या. माझ्याकडं मधल्या मापाचे हातमोजे दोन जोड पडून आहेत. मुलगी ठरली की कळवा, मीच मैदानावर घेऊन येते.