'डीप बेरी' भिंतीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: बैठकीच्या खोलीतली एक भिंत गडद रंगवायची आहे आणि रंगाच्या कार्डावर त्या छटेचं नाव 'डीप बेरी' आहे. याला मराठीत काय म्हणावं? 'गडद बोरी' चालेल का?

'बोरी' नको. बोर हा शब्द संस्कृत 'बदर'वरून आलेला. बेरीशी त्याचं साम्य कानापुरतंच. शिवाय बोरं हिरवी, पिवळी, फार तर तांबूस-तपकिरी. 'बेरी' तसंच ठेवलं तर वेगळीच पंचाईत, कारण लोणी कढवल्यावर पातेल्याच्या तळाशी उरते ती आपली बेरी, साखर घालून खायची. आजीला 'बेरी रंगाची भिंत' सांगा, तिच्या डोळ्यांपुढे खरपूस तपकिरी भिंत उभी राहील.

मग जांभळा? तानापिहिनिपाजातल्या 'जा'मुळे या शब्दाच्या गळ्यात फारच छटा पडल्या आहेत. फिक्या लव्हेंडरपासून शाईसारख्या वायलेटपर्यंत सगळं जांभळंच. त्यातून तो निळ्याकडे झुकतो, आणि तुमची छटा लालाकडे.

अशा वेळी शब्दकोशापेक्षा साडीच्या दुकानाचा उपयोग जास्त. तिथे छटांची नावं रोजच्या वापरात घासूनपुसून तयार असतात. वांगी म्हणजे काळपट जांभळा, डाळिंबी सरळ लाल, अंजिरी जरा मातकट. (हल्ली 'वाईन कलर'ने यातल्या बऱ्याच जणांना हुसकावलंय, ते असो.) माझं मत आमसुलीला. रातांब्याची साल त्याच्याच रसात पुन्हापुन्हा भिजवून उन्हात वाळवली की आमसूल होतं. कोरडं असताना ते जवळजवळ काळं दिसतं. वाटीभर पाण्यात टाकलं की कडा आधी उजळतात आणि काळ्यातून लालसर जांभळा बाहेर येतो. 'डीप'मधला गडदपणा आणि 'बेरी'तला लाल, दोन्ही त्या एका शब्दात आले. म्हणून 'गडद आमसुली' म्हणायचीही गरज नाही; फिका हवा असेल तरच वेगळं सांगावं.

व्याकरणातही हा शब्द सोयीचा आहे. जांभळा रंग, जांभळी भिंत, जांभळे पडदे असं रूप बदलत बसावं लागतं. आमसुली मात्र रंगालाही आमसुली, भिंतीलाही, पडद्यांनाही. डाळिंबी, अंजिरी, गुलाबी यांचंही तसंच. छटा नुसती झाकच असेल, तर 'जांभळट' किंवा 'लालसर' ही रूपं आहेतच.

एक अडचण उरते ती दिव्याची. पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात ही छटा वांग्याकडे सरकते, पिवळ्या दिव्याखाली डाळिंबाकडे. रात्री कोपऱ्यात तर नुसती काळी. तेव्हा भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवून घ्या, ओला असताना मत देऊ नका, वाळला की दिवसा नि रात्री बघा. मग हवं ते नाव ठेवा. पेंटरला मात्र आमसुलीही सांगू नका आणि बेरीही नको. त्याला कार्डावरचा नंबर द्या, आणि गडद रंग आहे, दोन हातांत भागलं नाही तर तिसरा मारावा लागेल, हे पैसे ठरवतानाच बोलून घ्या.