रक्त माझ्या हिरडीतून, आजार मात्र यांना?

प्रश्न : माझे वय ४६ आणि यजमानांचे ५२. ब्रश करताना माझ्या हिरड्यांतून रक्त येते, म्हणून आम्ही दोघेही दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी एक बारीक सळई हिरडीच्या कडेला ठिकठिकाणी टेकवत सहायिकेला ‘तीन, दोन, तीन’ असे आकडे लिहून घ्यायला सांगितले. माझ्या हिरड्यांना केवळ सूज आहे, यजमानांचा पायरिया मात्र बराच पुढे गेला आहे, असे सांगून त्यांनी यजमानांचा एक्स-रे काढायला आणि रक्तातील साखर तपासायला सांगितली. यजमानांना ना कधी रक्त येते, ना दात दुखतो. ते वीस वर्षे विडी ओढतात. हे निदान पटण्यासारखे आहे का? आणि सफाईने दात हलू लागतात, हे खरे का?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्ही जाता जाता लिहिलेल्या विडीतच आहे. तंबाखूच्या धुराने हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत आजार पसरत असतानाही हिरडी फिकट, घट्ट आणि वरवर निरोगी दिसते व रक्त फारसे येत नाही. ‘रक्त नाही म्हणजे काही नाही’ हा हिशेब विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना म्हणूनच लागू पडत नाही. दुखण्याची वाट पाहणेही व्यर्थ, कारण हा आजार बहुधा न दुखताच वाढतो.

त्या सळईला प्रोब म्हणतात. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी हिरडीत तिची खोली साधारण १ ते ३ मिलिमीटर भरते. पाहणीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोबच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी आणि साडेतीन ते साडेपाच मिलिमीटरच्या दरम्यान एक काळा पट्टा असतो. प्रोब खाचेत अलगद सरकवल्यावर पट्टा पूर्ण दिसत राहिला तर खोली बेताची आहे, अर्धवट बुडाला तर ४-५ मिलिमीटरची आणि पूर्ण दिसेनासा झाला तर ६ किंवा त्याहून अधिक. प्राथमिक पाहणीत तोंडाचे सहा भाग कल्पून प्रत्येक भागातील सर्वांत वाईट आकडा नोंदवतात. तो मोठा निघाला, तर प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजणी करतात. हे काम किचकट आणि वेळखाऊ असल्याने पुष्कळदा केवळ आरशाने पाहून सफाई उरकली जाते. तुमच्या दंतवैद्यांनी मोजले, याचे मला समाधान वाटते.

तुमच्या हिरडीवरची सूज दातावर साचलेल्या जंतूंच्या थरामुळे येते आणि तो थर निघाला की ओसरते. यजमानांच्या बाबतीत दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजू लागले असावे. ते नेमके किती झिजले, हे एक्स-रेत दिसेल. झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही, पुढची झीज मात्र थांबवता येते. साखरेची तपासणी उगाच सांगितलेली नाही : मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांचा दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही. दात पूर्वीपेक्षा लांब दिसणे, दोन दातांमध्ये घास अडकू लागणे, पुढच्या दातांत नवी फट पडणे, तोंडाला वास येणे, यांपैकी काही यजमानांना आठवते का, ते विचारून पाहा.

सफाईने निरोगी दात हलत नाहीत. कित्येक वर्षांच्या किटणाने हलत्या दातांना एकमेकांशी जणू सांधलेले असते. ते निघाले आणि सूज उतरली की आधीचीच फट आणि आधीचेच हलणे जिभेला प्रथमच जाणवते. गार पाणी काही दिवस झोंबेल. विडी सोडल्यावर यजमानांना उलट थोडे रक्त येऊ लागले, तर घाबरून पुन्हा विडी धरू नये. रक्तपुरवठा पूर्ववत होत असल्याचे ते लक्षण असू शकते, तरी दंतवैद्यांच्या कानावर घालावे.

आज लिहिलेल्या आकड्यांची प्रत मागून घ्या. उपचारानंतर सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी करायला सांगा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. जिथे ६ होते तिथे ४ दिसले, तर उपचार लागू पडत आहेत, आणि ६ चे ६च राहिले, तर त्या दाताविषयी हिरड्यांच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्या.