लेकीला डरबनला शिकायला पाठवू का?

प्रश्न: मुलगी सांगलीत बीए करतेय, इतिहास घेऊन. पुढं डरबनला शिकायचं म्हणतेय. भावकीत सगळे म्हणतात, लंडन सोडून आफ्रिका कशाला? काय करू ताई?

उत्तर: काका, जाऊ द्या तिला, मनापासून सांगते. 1860 पासून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळच्या, म्हणजे डरबनच्या भागातल्या, उसाच्या मळ्यात राबायला आपल्या देशातले मजूर करारावर नेले, त्यांच्या वंशजांच्या मुलाखती, कागदपत्रं तिथल्या क्वाझुलू-नाताळ विद्यापीठाच्या गांधी-लुथुली डॉक्युमेंटेशन सेंटरमध्ये आहेत आणि ऊसतोड बघत वाढलेल्या आपल्या पोरीला त्यात जे दिसेल ते दुसऱ्या कुणाला नाही दिसायचं. भावकीला हेच सांगा.

फक्त एक नीट बघा, तिथं तीन वर्षांच्या बीएनंतर डायरेक्ट एमए नसतं, मधे एक वर्षाचं ऑनर्स असतं, तेव्हा खर्च एक वर्ष जास्तीचा धरूनच चला. शिकवणं इंग्रजीत आहे, पण तिथली झुलू भाषा थोडी शिकली तर गावोगाव लोकांशी बोलता येईल. वर्ष फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं, अर्ज मात्र आदल्या वर्षीच करायचा असतो, त्यामुळं तारखा विद्यापीठाच्या साइटवर आत्ताच बघा आणि पासपोर्ट नसेल तर तो आधी काढा.