रक्त थांबलं तरी गुडघा सुजलेलाच

ताई, तुम्ही लिहिलंत: तीन आठवड्यांपूर्वी हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या मुलाच्या गुडघ्यात रक्तस्राव झाला, फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारं इंजेक्शन दिल्यावर दुखणं थांबलं, पण सूज तशीच. गुडघा कोमट लागतो, दाबला की गुबगुबीत. आजी म्हणतात तेल चोळून शेकू. दोन्ही नको, आजींना माझं नाव सांगा.

हे बहुतेक साठलेलं रक्त नाही, सांध्याच्या आतलं अस्तर सुजलंय. डॉक्टर सायनोव्हायटिस म्हणतात. सांध्यात पडलेलं रक्त ते अस्तर शोषतं, त्यातलं लोह तिथंच बसतं, अस्तर जाड होतं आणि त्यात नवीन नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. जरा चिमटलं की पुन्हा रक्त. सहा महिन्यांत एकाच सांध्यात आपोआप तीनदा झालं तर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. दुखत नाही म्हणून बहुतेक घरांत इथंच ढिलाई होते, आणि कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचा गुळगुळीत थर, नेमकी याच काळात खराब होते. ताजा रक्तस्राव वेगळा: मुंग्या, वाढती कळ, काही तासांत पाय वाकेना. शंका असेल तर सोनोग्राफीत बरंच कळतं.

दुखेल तेव्हा एक डोस, हा हिशेब इथं चालत नाही. फॅक्टर आठचा जोर 8 ते 12 तासांत निम्मा उतरतो. म्हणून साधारण सहा-आठ आठवडे ठरावीक दिवसांनी नियमित फॅक्टर द्यावा लागतो. सिव्हिलला जाताना आधीची सगळी नोंद आणि मुलाचं ताजं वजन न्या, आणि नियमित डोसबद्दल स्वतःहून विचारा. डोस देऊनही फरक पडत नसेल तर इनहिबिटरची (फॅक्टर निकामी करणाऱ्या, शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी मागा. एमिसिझुमॅब, म्हणजे फॅक्टर आठचं काम करणारं इंजेक्शन, मिळत असेल तर उत्तमच, कातडीखाली घ्यायचं असतं. पण ते रक्तस्राव टाळायला, सुरू झालेला थांबवायला नाही.

गोळ्यांचं जपा. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, मेडिकलवाल्यानं ‘हलकी आहे’ म्हटलं तरी. पॅरासिटॅमॉल चालतं, सूज उतरवायला सेलेकॉक्सिब द्यायचं का ते तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांनीच ठरवावं. कमरेत इंजेक्शन कुणालाही देऊ देऊ नका. गुडघ्यातलं पाणी काढायचं म्हणाले तर आधी फॅक्टर, मग सुई.

व्यायाम मात्र बंद ठेवू नका. मांडी लगेच बारीक होते आणि मग सगळा भार सांध्यावर येतो. गुडघा सरळ ठेवून मांडी आवळायची, सोडायची; खुर्चीवर बसून शाळेचा अभ्यास करतानाही होतं. फिजिओच्या दिवशी डोस आधी, व्यायाम नंतर. फुटबॉल, उड्या, जिने सध्या नकोत.

इतकं करून दोन-तीन महिन्यांत सूज हटली नाही तर रेडिओसायनोव्हेक्टमी विचारा: किरणोत्सारी औषध सांध्यात टोचून ते अस्तर सुकवतात, गुडघ्यासाठी बहुधा यिट्रियम. ते जमत नसेल तिथं रायफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक सांध्यात टोचतात, पण दर आठवड्याला, बऱ्याचदा आणि झोंबणारं; घोटा-कोपराला ते जास्त लागू पडतं. ऑपरेशन त्यानंतरची गोष्ट.

आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या सोलापुरात फॅक्टर नेताना थर्मासमध्ये बर्फ घाला, पण बाटली कापडात गुंडाळा. ती गोठता कामा नये.