टारकाइनच्या वर्षावनात

प्रश्न: ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचं टारकाइन जानेवारीत चार दिवस पाहायचं आहे. तयारी काय लागेल? आणि बुटांबद्दल एवढं का बजावतात?

उत्तर: दोन दिवस स्मिथटन गावाच्या बाजूला द्या (ज्युलियस नदी, चिझम तळं), दोन कोरिनाला. आर्थर रिव्हरहून कोरिनाला जाणारा वेस्टर्न एक्सप्लोरर रस्ता कच्चा आहे. वाटेत पंप नाही, तेव्हा टाकी भरूनच निघा. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर चालतो का, तेही आधी विचारा. कोरिनाला पायमन नदी ओलांडून देणारा गाड्यांचा तराफा फक्त दिवसा चालतो. जानेवारी तिथला उन्हाळा असला तरी पाऊस असतोच, म्हणून जीन्स नको. भिजली की वाळत नाही आणि अंग गारठतं.

बुटांचं कारण फायटोफ्थोरा. मुळं कुजवणारा हा जीव चिखलातून पसरतो. प्रत्येक वाटेआधी आणि नंतर तळव्याच्या खाचांतली माती ब्रशने पूर्ण काढा, मगच जंतुनाशक मारा. चिखलावर मारलेलं औषध आतपर्यंत पोचत नाही; बहुतेकांचं चुकतं ते इथेच. तंबूच्या खुंट्या आणि ट्रायपॉडचे पायही धुवा.

प्रश्न: मर्टलच्या (या वर्षावनातल्या मुख्य झाडाच्या) फांद्यांवर नारिंगी गोळे दिसतात. झाड रोगट झालं का?

उत्तर: नाही. ती सिटारिया बुरशी, खळगे पडलेल्या छोट्या चेंडूसारखी. तिने झाड मरत नाही.

खरी भीती मर रोगाची. त्याची बुरशी खोडाच्या किंवा मुळाच्या जखमेतून आत शिरते. पानं पिवळी, मग तपकिरी होतात, पण झाडावरच राहतात. खोडाला टाचणीएवढी भोकं आणि बुंध्याशी पिठासारखा भुसा दिसला, तर भुंगेरे पोखरताहेत असं समजा; त्या भुशातूनही बुरशी पसरते. लाकूडतोडीसाठी रस्ता काढला की कडेच्या मर्टलची मुळं आणि साली सोलवटतात, म्हणून तोडलेल्या झाडांपलीकडेही मर पसरते. तोडीच्या हिशेबात ही झाडं मोजली जात नाहीत, याचं फार वाईट वाटतं. तुम्हीही सालीवर काही कोरू नका, वर आलेल्या मुळांवर पाय देऊ नका.

प्रश्न: परदेशी पाहुण्याने तोड थांबवण्यासाठी काय करावं?

उत्तर: शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात सरकारी नैसर्गिक जंगलांतली तोड 2024 च्या सुरुवातीला थांबली, टास्मानियात ती चालू आहे. सुमारे साडेचार लाख हेक्टरांच्या टारकाइनमध्ये सॅव्हेज रिव्हर राष्ट्रीय उद्यान जेमतेम 18,000 हेक्टरांचं. बाकीच्यात काही राखीव क्षेत्रं आहेत, काही भाग लाकूड उत्पादनासाठी ठेवलेला.

सस्टेनेबल टिंबर टास्मानिया ही सरकारी कंपनी तीन वर्षांचा तोडीचा आराखडा नकाशासह प्रसिद्ध करते. त्यात कुठले कूप (तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे) येतात ते पाहा आणि लगतच्या खुल्या वाटांवरून नोंदी करा: ढोली असलेली जुनी झाडं, घुबडाचा आवाज, ओढ्यातले महाकाय क्रेफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे प्राणी). तारीख, जागा आणि फोटो घेऊन आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. दुर्मीळ प्रजातींची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते. बंद कुपात मात्र शिरू नका. अर्धवट कापलेली झाडं आणि लटकत्या फांद्या केव्हाही कोसळतात.